तीन हजार टोले आणि शेवटची खेप

क्रिकेटच्या सामन्यापायी ताटातले जेवण निवू देणाऱ्या आपल्या घरांत बेसबॉलच्या एका खेळाडूची हकीकत कोण वाचणार, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी बेसबॉल पाहिला असेल तो एखाद्या अमेरिकन चित्रपटात. आणि शिकायला तिकडे गेलेल्या भाच्याने मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला असेल, तर तो डोक्यावरून गेला असेल! पण ही हकीकत खेळाची थोडी आणि माणसाची फार आहे.

रोबेर्तो क्लेमेंते हे त्या माणसाचे नाव. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या ‘पायरेट्स’ संघाकडून तो १८ वर्षे खेळला. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री, सारे जग नव्या वर्षाच्या स्वागताला सजले असताना, निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे ३८. या गोष्टीला ५० हून अधिक वर्षे लोटली; तरी त्याच्या मायभूमीत, पोर्टो रिको बेटावर, त्याचे नाव अजून घरातल्या माणसाचे घ्यावे तसे घेतले जाते.

नामवंतांनी दानधर्म करावा यात नवल नाही. चेक लिहावा, छायाचित्र निघावे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी याव्यात, हे आपणही पाहतो. क्लेमेंतेची तऱ्हा निराळी होती. मदत पाठवून तो स्वस्थ बसत नसे. मदतीबरोबर स्वतः जात असे. या सवयीने त्याला लोकांचा केला, आणि याच सवयीने त्याचा घात केला. ती सवय त्याला लागली कुठून, हे पाहायचे तर त्याच्या घरापासूनच आरंभ केला पाहिजे.

उसाच्या मळ्यातले घर

पोर्टो रिको हे कॅरिबियन समुद्रातले बेट. आकाराने आपल्या सातारा जिल्ह्याहूनही लहान. १८९८ साली ते स्पेनच्या ताब्यातून अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ साली तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. भाषा मात्र स्पॅनिश ती स्पॅनिशच राहिली. या बेटावर कारोलिना नावाचे गाव आहे. त्या गावच्या सान आन्तोन वस्तीत १८ ऑगस्ट १९३४ रोजी रोबेर्तोचा जन्म झाला. भावंडांत तो शेंडेफळ.

वडील मेल्कोर हे उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आई लुईसा घरचे सगळे आवरून लोकांचे कपडे धुऊन देत. घरात पैसा बेताचा, पण शिस्त आणि अब्रू यांना तोटा नव्हता. रोबेर्तोला सायकल हवी होती. वडिलांनी सांगितले, कमावून घे. तेव्हा पोराने शेजाऱ्यांचे दुधाचे कॅन रोज सकाळी वाहून नेण्याचे काम पत्करले. दिवसाला मिळे एक सेंट. अशी पैपै साठवून सायकल घ्यायला त्याला तीन वर्षे लागली, असे सांगतात.

खेळायला पेरूच्या फांदीची बॅट, कॉफीच्या पोत्याचा हातमोजा आणि चिंध्या गुंडाळून केलेला चेंडू! आपल्याकडच्या वाड्यांतून आणि चाळींतून जे पिढ्यान् पिढ्या चालत आले, तेच तिथेही. शाळेत तो भालाफेकीत चमकला आणि त्याच हाताचे पुढे बेसबॉलमध्ये सोने झाले. आपला दांडगा हात आपल्याला आईकडून मिळाला, असे तो कौतुकाने सांगे.

१९५२ साली, १८ व्या वर्षी, सान्तुर्सेच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. १९५४ साली अमेरिकेतून ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे बोलावणे आले. हाच तो संघ, ज्याने १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून अमेरिकन बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडली होती. डॉजर्सनी १० हजार डॉलरची उचल देऊ केली आणि रोबेर्तोने होकार दिला. पाठोपाठ दुसऱ्या एका संघाने याच्या कितीतरी पट रक्कम पुढे केली. पण डॉजर्सना शब्द देऊन झाला होता. त्याने घरी विचारले. दिला शब्द पाळावा, असे आईने सांगितले, आणि प्रश्न मिटला.

गंमत अशी की, डॉजर्सनी त्याला मुख्य संघात न घेता कॅनडातील मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात धाडले आणि तिथेही बहुतेक वेळ बाकावरच बसवून ठेवले. ४ हजार डॉलरहून अधिक उचल घेतलेला खेळाडू मुख्य संघात नसेल, तर हंगाम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकतो, असा त्या वेळी नियम होता. नोव्हेंबर १९५४ मध्ये पिट्सबर्गने तो उचलला. किंमत पडली ४ हजार डॉलर! बेसबॉलच्या इतिहासात याहून स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

खेळाचे दोन शब्द

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचे शहर. पोलादाच्या कारखान्याची माहिती मिळवण्यासाठी जमशेदजी टाटा १९०२ साली अमेरिकेत हिंडले, तेव्हा याच शहरी गेले होते. कामगारांच्या या गावात पायरेट्स संघावर लोकांचे फार प्रेम; पण क्लेमेंते आला त्या सुमारास संघ अगदी तळाला गेला होता.

आता खेळाविषयी थोडे सांगायला हवे, नाही तर पुढचे आकडे कोरडे वाटतील. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो. फलंदाजाने तो टोलवायचा, बॅट टाकून धावत सुटायचे आणि क्षेत्ररक्षक चेंडू परत आणण्याआधी पहिला ‘बेस’ गाठायचा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असे चार बेस असतात. चारी फिरून आला की एक धाव. टोला मारून सुखरूप बेसवर पोहोचला, तर फलंदाजाच्या नावावर एक ‘हिट’ लागते. ऐकायला सोपे; पण दहा वेळा उभे राहून तीनदा जमले, तर तो पहिल्या प्रतीचा फलंदाज समजला जातो. म्हणजे उत्तम खेळाडूलाही दहांतून सात वेळा मान खाली घालून परतावे लागते. क्लेमेंतेची १८ वर्षांची सरासरी हजारी ३१७ आहे. संपूर्ण लीगमध्ये सर्वांत सरस सरासरीचा मान त्याने चार वेळा मिळवला: १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ साली.

पण प्रेक्षक येत ते त्याचे क्षेत्ररक्षण पाहायला. तो मैदानाच्या उजव्या टोकाला उभा राही. तिथून त्याचा चेंडू असा सुटे की, धावणारा खेळाडू बेसवर पोहोचण्याआधीच चेंडू तिथे हजर! आपल्याकडे सीमारेषेजवळून केलेली फेक थेट यष्टीवर आदळली की मैदान कसे उसळते, ते आठवा. क्लेमेंतेच्या बाबतीत ती नित्याची गोष्ट होती. सीमेवरून केलेल्या अशा फेकींनी प्रतिपक्षाचे खेळाडू बाद करण्यात त्याचा हात २६६ वेळा नोंदला गेला आहे. उत्तम क्षेत्ररक्षकाला दिला जाणारा सोनेरी हातमोजाचा किताब त्याला १९६१ पासून १९७२ पर्यंत लागोपाठ १२ वर्षे मिळाला.

‘बॉब’ म्हणू नका

एवढे असूनही पहिली काही वर्षे त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा टिंगल अधिक आली. तो वर्णाने काळा आणि भाषेने स्पॅनिश, म्हणजे दोन्हीकडून परका. वर्तमानपत्रवाले त्याचे मोडके इंग्रजी जसेच्या तसे, चुकांसकट छापत आणि वाचक हसत. त्याच्या नावाचा त्रास नको म्हणून परस्पर ‘बॉब’ करून टाकले. खेळाडूंच्या छापील कार्डांवरही तेच. तो शांतपणे सांगे, माझे नाव रोबेर्तो आहे. आईबापांनी ठेवलेले नाव दुसऱ्याच्या सोयीसाठी का बदलायचे, हा त्याचा साधा सवाल होता.

१९५४ च्या हिवाळ्यात आजारी भावाला भेटायला जात असता त्याच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीने धडक दिली आणि पाठीचे दुखणे कायमचे मागे लागले. तो दुखण्याविषयी बोलला की लोक म्हणत, हा सोंगे करतो. आणि हे सोंगाडे म्हणवले गेलेले गृहस्थ पायरेट्ससाठी किती सामने खेळले? २,४३३! त्या संघाकडून त्याच्याहून अधिक सामने तोवर कुणीच खेळले नव्हते.

दर वसंतात सरावासाठी संघ फ्लोरिडात जाई. तिथे गोऱ्या खेळाडूंची हॉटेले वेगळी. प्रवासात वाटेवर गाडी थांबली की गोरे सोबती खाणावळीत शिरत आणि कृष्णवर्णीय खेळाडू बसमध्येच बसून राहत. कुणी आतून काही आणून दिले तर खायचे. क्लेमेंतेने असे आणून दिलेले अन्न घ्यायला नकार दिला आणि आपल्या सोबत्यांनाही घेऊ नका म्हणून बजावले. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळी मोटार द्या, म्हणजे आम्हाला हवे तिथे सन्मानाने जेवता येईल, ही मागणी त्याने व्यवस्थापकांकडून मान्य करून घेतली.

एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. क्लेमेंतेला त्यांच्याविषयी फार आदर होता. अंत्यविधी होईपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही, असे पायरेट्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी ठरवले. खुलाशाचे निवेदन क्लेमेंते आणि त्याचा एक गोरा सोबती या दोघांनी मिळून काढले. सामने पुढे गेले.

आईवडिलांचा आशीर्वाद

अमेरिकन बेसबॉलची अंतिम झुंज म्हणजे ‘वर्ल्ड सिरीज’. दोन लीगांचे विजेते एकमेकांशी सात सामने खेळतात. चार जिंकणारा अजिंक्य. १९६० साली पायरेट्सनी बलाढ्य न्यूयॉर्क यँकीजना हरवले. क्लेमेंतेने सातही सामन्यांत हिट मारली. पण त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतमोजणीत त्याचा क्रमांक लागला आठवा. हा सल त्याच्या मनात पुष्कळ वर्षे राहिला. तो मान त्याला मिळायला १९६६ साल उजाडावे लागले.

दुसरी संधी आली १९७१ साली. वय ३७, समोर बाल्टिमोरचा दांडगा संघ. पहिले दोन सामने पायरेट्स हरले. त्यानंतर जणू वीज संचारली. सातव्या, निर्णायक सामन्यात पहिली धाव आली ती क्लेमेंतेच्या टोल्यावर, चेंडू थेट कुंपणापार! पायरेट्सनी तो सामना २–१ असा जिंकला. याही वेळी त्याने सातही सामन्यांत हिट मारली. मालिकेचा मानकरी तोच ठरला.

सामना संपल्यावर दूरचित्रवाणीवाल्यांनी त्याला कॅमेऱ्यापुढे आणले. इंग्रजी उत्तराआधी त्याने परवानगी मागितली आणि स्पॅनिशमध्ये बोलला. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आपल्या मुलांना आशीर्वाद देतो आणि घरी बसलेल्या आईवडिलांनी आपल्याला आशीर्वाद द्यावा, एवढेच त्याचे मागणे. अमेरिकेच्या पडद्यावर, त्या एवढ्या गडबडीत, एका विजयी वीराने आपल्या भाषेत मायबापांपुढे वाकावे! स्पॅनिश बोलणाऱ्या घराघरांतून त्या रात्री डोळे पाणावले, यात नवल ते काय?

मैदानाबाहेरचा रोबेर्तो

संघ गावोगाव हिंडे. क्लेमेंतेला येणारी चाहत्यांची पत्रे पुष्कळ. ती तो शहरवार लावून ठेवी. त्यांत एखाद्या आजारी मुलाचे पत्र असले, की त्या शहरी सामना असेल तेव्हा इस्पितळात जाऊन त्या मुलाला भेटे. सोबत बातमीदार नाही, गाजावाजा नाही. पाठीच्या दुखण्यामुळे मालिश करण्याची आणि मणके सैल करण्याची विद्या त्याने हौसेने शिकून घेतली होती. हंगाम संपवून तो बेटावर परतला, की पाठदुखीचे लोक दारात येत आणि हा मोठा खेळाडू त्यांच्या पाठी चोळून देई. १९६४ साली वेराशी त्याचा विवाह झाला आणि तीन मुलगे झाले. मुलांचा जन्म पोर्टो रिकोच्याच मातीत व्हावा, हा त्याचा हट्ट. आलेल्या-गेलेल्याचे करण्यात वेराबाईंचा दिवस सरे. पण त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, असे त्यांना ओळखणारे सांगत.

त्याचे सर्वांत मोठे स्वप्न होते ते क्रीडानगरीचे. गरिबाच्या मुलांना मैदान मिळावे, शिकवणारा मिळावा, आणि खेळाच्या निमित्ताने ती वाईट वाटेपासून दूर राहावीत, असे त्याला वाटे. १९७१ च्या विजयानंतर बातमीदार खेळाविषयी विचारीत आणि हा क्रीडानगरीविषयी सांगे. त्याच वर्षाच्या आरंभी ह्यूस्टन येथील एका समारंभात त्याने आपली धारणा थोडक्यात मांडली होती: मागून येणाऱ्यांचे जिणे सुधारण्याची संधी हाती असून जो ती दवडतो, तो या पृथ्वीवरचा आपला वेळ फुकट घालवतो.

३० सप्टेंबर १९७२ रोजी पिट्सबर्गला त्याने न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकचा चेंडू टोलवून ३,००० वी हिट पुरी केली. आदल्या दिवशीच ती झाली असती. पण नोंद करणाऱ्याने प्रतिपक्षाची चूक असा निर्णय दिला होता. तोपर्यंत अवघे दहा खेळाडू या आकड्याला पोहोचले होते. क्लेमेंते अकरावा, आणि लॅटिन अमेरिकेतला पहिला. हंगाम संपतच आला होता. पुढच्या वर्षी आणखी मारू, असे सारेच समजून होते. हिशेबाच्या वहीत आकडा मात्र तिथेच थांबला. बरोबर तीन हजार.

मानाग्वाचा भूकंप

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोर्टो रिकोच्या हौशी खेळाडूंचा संघ घेऊन तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वा येथे गेला होता. तिथे त्याचे मन रमले. सकाळी बाहेर पडताना तो खिशात चिल्लर भरून घेई आणि वाटेतल्या गोरगरिबांशी बोलत बोलत ती वाटून टाकी. पाय गमावलेला एक मुलगा त्याला इस्पितळात भेटला. त्याला कृत्रिम पाय बसवून देण्याचे त्याने कबूल केले आणि त्यासाठी पैशांची जुळवाजुळवही केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धा संपली आणि तो नाताळासाठी घरी परतला.

२३ डिसेंबर १९७२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मानाग्वा हादरले. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. हजारो माणसे गेली. अंदाज पाच हजारांपासून अकरा हजारांपर्यंत आहेत. अडीच लाखांवर लोक बेघर झाले. तीनच आठवड्यांपूर्वी ज्या रस्त्यांवरून हिंडलो ते रस्ते उरले नाहीत, हे ऐकून क्लेमेंते बेचैन झाला. गायिका रूथ फर्नांडेझ यांच्याबरोबर त्याने मदत समितीची धुरा घेतली. सान हुआनच्या स्टेडियमवर लोक धान्य, कपडे, औषधे आणून देऊ लागले. नाताळचा सण, घरात लहान मुले. पण हा गृहस्थ दिवसभर खोकी उचलतो आहे, दारोदार वर्गणी मागतो आहे! विमाने भरभरून जाऊ लागली.

मग बातम्या आल्या त्या वेगळ्याच. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोझा याचे सैनिक विमानतळावरच सामान ताब्यात घेतात आणि उपाशी लोकांपर्यंत ते पोहोचत नाही, असे परतलेले लोक सांगू लागले. क्लेमेंतेचा संताप झाला. मी स्वतः गेलो तर माझ्या देखत कुणी हात लावणार नाही, असे त्याला वाटले. निकाराग्वातही बेसबॉलचे वेड मोठे. तिथले पोरसोर त्याला ओळखत. विचार चुकीचा नव्हता. वाहन मात्र चुकीचे मिळाले.

भाड्याने घेतलेले ते जुने डीसी-७ जातीचे मालवाहू विमान त्याच महिन्याच्या आरंभी विमानतळावर घसरून नाल्यात गेले होते आणि त्याचे पंखे मोडले होते. चालकांची नीट जुळणी नव्हती. सामान तर इतके कोंबले होते की, वजन मर्यादेपेक्षा ४ हजार पौंडांहून अधिक भरले. ३१ डिसेंबरचा सारा दिवस खोळंब्यात गेला. अखेर रात्री नऊ वाजून गेल्यावर विमान उडाले आणि काही क्षणांतच इंजिनात बिघाड होऊन किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले. आतली पाचही माणसे गेली. क्लेमेंतेचा देह सापडलाच नाही. घरी तीन मुले होती. सात, सहा आणि तीन वर्षांची.

नववर्षाची गाणी थांबली. दिवसच्या दिवस लोक किनाऱ्यावर येऊन पाण्याकडे पाहत उभे राहत. संघातला त्याचा जिवलग सोबती मॅनी सॅंगिलेन प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधत होता.

मागे काय उरले

खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनीच त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात घ्यायचे, असा नियम होता. क्लेमेंतेसाठी तो बाजूला ठेवला गेला. मार्च १९७३ मध्ये ४२४ पैकी ३९३ मते त्याला पडली आणि त्या मंदिरात जाणारा तो लॅटिन अमेरिकेतला पहिला खेळाडू ठरला. ज्या बातमीदारांनी एकेकाळी त्याच्या इंग्रजीची टर उडवली, त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी हा कौल दिला. पायरेट्सनी त्याचा २१ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. खेळाबरोबर समाजाची सेवा करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी दिले जाणारे पारितोषिक १९७३ पासून त्याच्या नावाने ओळखले जाते. पिट्सबर्गमध्ये मैदानाकडे जाणाऱ्या पिवळ्या पुलाला त्याचे नाव आहे. सामन्याच्या दिवशी त्यावरची वाहने बंद होतात आणि लोक मुलांचा हात धरून चालत जातात. २००१ साली उघडलेल्या नव्या मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. तो जिथे उभा राही, त्या बाजूची!

पण सगळेच गोड सांगितले तर ते खरे होणार नाही. विमानातल्या मृतांच्या कुटुंबीयांनी सरकारच्या विमानवाहतूक खात्यावर दावा लावला. असे विमान उडू दिलेच कसे, हा त्यांचा प्रश्न. खालच्या न्यायालयात ते जिंकले, १९७७ साली वरच्या न्यायालयात हरले. क्रीडानगरीसाठी सरकारने कारोलिनात ३०४ एकर जागा दिली. वेराबाईंनी दुसरा संसार केला नाही. नवऱ्याचे स्वप्न हाच संसार मानून अनेक वर्षे तो चालवला. हजारो मुले तिथे खेळली, त्यांतली काही मोठ्या संघांत चमकली. तरी पुढे पैसा आटला, इमारती मोडकळीस आल्या, मैदानांवर गवत माजले. २०१९ साली वेराबाईही गेल्या. एका माणसाच्या ओढीवर उभे राहिलेले काम त्याच्या मागे टिकवणे किती कठीण, हे आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या उदाहरणांनी आपल्याला ठाऊक आहेच.

मग त्याने त्या रात्री जायला नको होते काय? तीन मुलांच्या बापाने तसल्या विमानात पाय ठेवणे हा अविचार होता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही असतील. त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. विमानाचे वजन कुणीतरी नीट पाहिले असते, एखाद्या अधिकाऱ्याने ठामपणे थांबवले असते, तर पाच घरे उजाड झाली नसती. चांगुलपणाच्या घाईतही काटेकोरपणा सोडू नये, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा. मात्र दुसरी बाजूही मोजली पाहिजे. भुकेल्याच्या तोंडचा घास मध्येच कुणी पळवतो आहे हे कळल्यावर, आपले काम झाले, आपण सामान पाठवले, असे म्हणून घरी सणाच्या जेवणाला बसणे त्याला जमण्यासारखे नव्हते. ज्याने बसमध्ये आणून दिलेला घास मानापायी नाकारला, त्याला दुसऱ्याच्या घासाची किंमत पक्की ठाऊक होती.

दिवाळीत आपण सारेच काही ना काही देतो. कुणी अनाथाश्रमाला फराळ धाडतो, कुणी एखाद्या निधीला पैसे पाठवतो. ते चांगलेच आहे आणि करीत राहावे. पण एखाद्या वर्षी मुलांना बरोबर घेऊन तो डबा आपल्या हाताने पोहोचता करावा, घेणाऱ्याचे नाव विचारावे, ते नीट उच्चारावे आणि घटकाभर तिथे बसावे. आपले नाव नीट घेतले जावे म्हणून जन्मभर झगडलेल्या रोबेर्तोला ही गोष्ट निश्चित आवडली असती.

त्या रात्रीचे सामान निकाराग्वाला कधी पोहोचले नाही. पण मानाग्वाहून थोड्या अंतरावर मसाया नावाचे शहर आहे, आणि तिथे बेसबॉलचे एक मैदान आहे. त्या मैदानाला निकाराग्वाच्या लोकांनी नाव दिले आहे रोबेर्तो क्लेमेंतेचे. ‘बॉब’ नव्हे, पुरते रोबेर्तो.